दांडिया बाजारातल्या लॅबचं हिपॅटायटिस बी पॅकेज: रक्त चोख घेतात, अर्थ अर्धवट सांगतात

वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या एका लॅबमध्ये हे पॅकेज मिळतं: एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन), अँटी-एचबीएस (त्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी), एसजीपीटी (यकृतपेशी दुखावल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि एचबीव्ही डीएनए (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण). रक्त घेण्याच्या कामाला पूर्ण गुण. डीएनएसाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळीच वापरतात. हेपॅरिनच्या हिरव्या नळीत पीसीआर, म्हणजे डीएनए मोजणारी चाचणी, बिघडते. नळी झटकत नाहीत, हलकेच आठ-दहा वेळा उलटीसुलटी करतात, आणि प्लाझ्मा त्याच दिवशी वेगळा काढतात. पत्रक गुजरातीबरोबर मराठीतही आहे, त्यामुळे घरातल्या आजी-आजोबांची सोय होते.

पण अँटी-एचबीसी टोटल (विषाणूच्या गाभ्यातल्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी, जी लागण झालेल्यांतच तयार होते) पॅकेजमध्ये नाही, आणि हीच मोठी चूक. लशीत विषाणूचं फक्त पृष्ठभागावरचं प्रथिन असतं, म्हणून लशीनं अँटी-एचबीएसच तयार होतं. ते १० युनिटच्या वर असलं की संरक्षण आहे असं धरतात. आता समजा ४५ आलं. हे लशीचं, की आजार अंगावर काढून शरीरानं मिळवलेलं? अँटी-एचबीसीशिवाय कळायला मार्ग नाही. आजार होऊन गेलेल्यांच्या यकृतपेशींच्या केंद्रकात विषाणूचा गोल डीएनए दबा धरून राहू शकतो. कर्करोगावरच्या रिटुक्सिमॅबसारख्या औषधानं शरीराचा पहारा ढिला पडला की तो पुन्हा उठतो. केमोथेरपीपूर्वी ही तपासणी वगळणं धोक्याचं आहे.

अहवालाखालचा छापील शेरा तर ताबडतोब काढायला हवा: ‘एसजीपीटी नॉर्मल, यकृत सुरक्षित.’ हा विषाणू स्वतः पेशी फारशा मारत नाही. शरीराच्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) संसर्ग झालेल्या पेशींवर तुटून पडतात, तेव्हा एसजीपीटी चढतं. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्यांत ही फौज वर्षानुवर्षं गप्प राहू शकते: डीएनए कोटींत, एसजीपीटी नॉर्मल. अशा बाळांपैकी सुमारे ९० टक्क्यांचा आजार कायमचा होतो. मोठेपणी लागण झालेल्यांत ५ टक्क्यांहून कमी जणांचा.

पत्रकात इंटरफेरॉनला ‘ताकदीचं इंजेक्शन’ म्हटलंय, तेही चूक. इंटरफेरॉन हा पेशीचा स्वतःचा धोक्याचा इशारा. हिपॅटायटिस बी तो वाजूच देत नाही. शिवाय पेशीतलं एसएमसी ५/६ हे प्रथिन-संकुल विषाणूच्या डीएनएला जखडून ठेवतं, तर विषाणूचं एचबीएक्स हे प्रथिन नेमकं तेच मोडायला लावतं. म्हणून उपचारात पेगिंटरफेरॉन (शरीरात जास्त काळ टिकणारं इंटरफेरॉन) बाहेरून देतात: १८० मायक्रोग्रॅम, आठवड्याला एक, ४८ आठवडे. ताप, अंगदुखी, पांढऱ्या पेशी घटणं हे त्रास ठरलेलेच.

पॅकेज घेणार असाल तर नोंदणीच्या वेळीच अँटी-एचबीसी टोटल वेगळी लिहून घ्या, आणि अँटी-एचबीएस नुसतं ‘पॉझिटिव्ह’ नको, आकड्यात मागा.