छापील प्रोसिडिंग बुक: पुठ्ठा दणकट, आतला आराखडा अर्धवट

सोलापुरात झेडपीच्या कामाला आलेले ग्रामपंचायतीचे लोक परतताना बहुधा दप्तराची खरेदी उरकूनच जातात. नमुना १ ते ३३ ची रजिस्टरं, करपावती पुस्तकं, शाईचे पॅड, आणि त्यांच्यासोबत 'मासिक सभा प्रोसिडिंग बुक', म्हणजे सभेचं इतिवृत्त आणि ठराव लिहायची वही. बाकीच्या नमुन्यांचा आराखडा २०११ च्या अंदाजपत्रक व लेखा नियमांनी ठरवून दिलाय, त्यामुळे कुठलाही छापखाना त्यात फार हात घालू शकत नाही. प्रोसिडिंग बुकात मात्र ज्याला जसं सुचलं तसं छापलेलं असतं. म्हणून हे परीक्षण मुख्यतः त्या वहीचं आहे: फुलस्केप आकार, २०० पानं, लाल कापडी पाठ, वर सोनेरी अक्षरं. छापखाने वेगवेगळे असले तरी बाजारात सध्या आतून साधारण एकच साचा फिरतोय.

आधी चांगलं सांगू. शिलाई दोऱ्याची आहे, नुसता डिंक नाही. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या कार्यालयात ठेवलेली डिंकाची वही पाठीतून तडकते आणि ऑगस्टपर्यंत पानं हातात येतात. ठराव असलेलं पान सुटलं की ते मागाहून घुसडलं की मूळचंच, हे सिद्ध करत बसावं लागतं. या वहीत तो प्रश्न नाही. कागदही जाड आहे. जांभळ्या शिक्क्याची शाई मागच्या बाजूला उमटत नाही. जेल पेन मात्र टाळा, हात फिरला की पसरतो. साधा निळा किंवा काळा बॉलपेन बरा.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे हजेरीचं पान ठरावांच्या आधी आहे. सभा सुरू होतानाच सह्या घेतल्या की गणपूर्ती झाली की नाही ते तिथल्या तिथे दिसतं. निम्मे सदस्य लागतात, म्हणजे ११ जणांच्या पंचायतीत ६. सह्या शेवटी घ्यायची पद्धत काही गावांत आहे. चहा पिऊन अर्धे सदस्य निघून गेल्यावर शिपाई वही घेऊन घरोघर फिरतो, आणि मग एखाद्याची सही ज्या ठरावाखाली येते त्या ठरावाच्या वेळी तो सभागृहात नव्हताच, अशी तक्रार उभी राहते.

पण याच हजेरीच्या पानापासून वहीची खोट सुरू होते. त्यावर १३ ओळी छापल्यात. ग्रामपंचायतीत सदस्यसंख्या लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ असते. ६,००० च्या वर लोकसंख्या गेली की १५, ७,५०० च्या वर १७. म्हणजे मोठ्या गावाने घेतली तर शेवटच्या सदस्यांच्या सह्या समासात. शिवाय 'रजेचा अर्ज' असा रकाना कुठेच नाही. हा रकाना शोभेचा नव्हे. पंचायतीच्या परवानगीवाचून सदस्य लागोपाठ सहा महिने सभांना आला नाही तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४० खाली त्याची जागा रिकामी होऊ शकते. ऊसतोडीला किंवा पुण्याला कामाला गेलेल्या सदस्याने अर्ज दिला होता का, आणि पंचायतीने तो मंजूर केला का, हे त्याच महिन्याच्या इतिवृत्तात आलं पाहिजे. रकाना नसला की लिहायचं राहतं, आणि वर्षभराने वाद झाला की अर्जाचा कागद कुणालाच सापडत नाही.

सगळ्यात मोठी चूक पुढे आहे. छापणाऱ्याने दर चार पानांनी नवं हजेरीपत्रक बांधलंय. म्हणजे एक सभा म्हणजे चार पानं, असा हिशोब धरलाय. दुकानदारही तोच हिशोब सांगतो: २०० पानं, ५० सभा, चार वर्षं बघायला नको. प्रत्यक्षात दहा-बारा विषयांची सभा हाताने लिहिली तर पाच-सहा पानं सहज जातात. भंडीशेगाव, वाखरीसारख्या पालखी मार्गावरच्या गावांत आषाढीच्या आधीच्या सभेला पाणी, दिवाबत्ती, फिरती शौचालयं, कचरा, दुकानांच्या जागा एवढं सगळं एकत्र येतं. सांगोला-मंगळवेढ्याकडे उन्हाळ्यात टँकरच्या मागणीचे ठराव वाढतात. चार पानं संपली की पुढच्या सभेचं हजेरीपत्रक आडवं येतं. मग लोक काय करतात? अक्षर बारीक करतात, समासात लिहितात, किंवा पुढचं हजेरीपत्रक ओलांडून त्यापलीकडे ठराव चालू ठेवतात. उलट एखाद्या महिन्यात दोनच पानं लागली तर दोन कोरी राहतात. कोरं पान हे प्रोसिडिंगमधलं सर्वांत वाईट पान. त्यावर तिरकी रेघ मारून 'कोरे' लिहून अध्यक्ष आणि सचिव दोघांनी सही केली नाही, तर मागाहून ठराव लिहायला ती मोकळी जागाच झाली.

ठरावाच्या पानावर सहा रकाने आहेत: अनुक्रमांक, विषय, ठराव, सूचक, अनुमोदक, शेरा. कागदावर बघायला नीटनेटकं दिसतं. पण 'ठराव' या रकान्याची रुंदी जेमतेम चार बोटं. नमुना ८ ला, म्हणजे मिळकतींच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, वारसनोंद घ्यायचा साधा विषय बघा. मिळकत क्रमांक, मयताचं नाव, मृत्यूची तारीख, वारसांची नावं आणि नातं, कोणते कागद जोडले, हरकतीची नोटीस कधी लावली, हरकत आली का, एवढं तरी आलं पाहिजे. खरेदीखताची नोंद असेल तर दस्त क्रमांक आणि चतुःसीमाही. चार बोटांच्या रकान्यात हे लिहिलं की एकच ठराव पानभर खाली ओघळतो आणि बाजूचे बाकी रकाने रिकामे पडून राहतात. सूचक-अनुमोदकाला स्वतंत्र रकान्याची गरजच नाही. ठरावाखाली एक ओळ पुरते.

आणि पानाच्या तळाशी ठळक छापलंय: 'वरील सर्व ठराव सर्वानुमते मंजूर.' ही ओळ ज्याने छापली त्याने गावची सभा कधी पाहिली नसावी. एखाद्याने विरोध केला तर त्याचं नाव आणि विरोधाचं कारण त्या ठरावाखाली यायला हवं, आणि मतदान झालं तर बाजूने किती, विरोधात किती हेही. तळाची छापील ओळ खोडायची राहिली की एकाच पानावर वर 'विरोध नोंदवला' आणि खाली 'सर्वानुमते'. पुढे कुणी गटविकास अधिकाऱ्याकडे तक्रार केली तर दोन्ही बाजूंना याच पानाचा आधार मिळतो.

किरकोळ वाटणाऱ्या चुकाही आहेत. मथळ्यात 'श्री. ____ यांचे अध्यक्षतेखाली' असं छापलंय. निम्म्या सरपंचपदांवर महिलांचं आरक्षण असताना दर महिन्याला 'श्री' खोडून 'श्रीमती' करायचं. 'सकाळी ____ वाजता' आधीच ठरवून टाकलंय. सचिवाच्या सहीच्या जागी अजून 'ग्रामसेवक'. २०२४ मध्ये पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं. मुखपृष्ठावर काही प्रतींत 'मुंबई ग्रामपंचायत अधिनियम' असंच आहे, अधिनियमाच्या नावात महाराष्ट्र येऊन दशक उलटलं तरी. जुना साठा पडून असेल, संपवतायत.

अनुक्रमणिका नाही, ही उणीव मात्र किरकोळ म्हणता येणार नाही. लेखापरीक्षक नमुना १२ चं प्रमाणक (खर्चाचं व्हाउचर) हातात घेतो, त्यावरचा ठराव क्रमांक आणि तारीख बघतो आणि म्हणतो, दाखवा. दोन वर्षांच्या वहीत तो ठराव शोधायला अर्धा तास गेला की पुढचं प्रत्येक प्रमाणक तो संशयानेच बघणार. पहिली चार पानं अनुक्रमणिकेला सोडा: सभेची तारीख, ठराव क्रमांक, विषय दोन शब्दांत, पान. सभा झाली की त्याच दिवशी भरा.

आमच्या मते मासिक सभेसाठी साधी रेघांची जाड लेजर वही या छापील वहीपेक्षा सरस आहे. किमतीतला फरक एका ताटाच्या जेवणाइतका, त्यामुळे पैशाचा प्रश्नच नाही. मथळ्याचा रबरी शिक्का करून घ्यायचा, हजेरी लागेल तितक्या ओळींची हाताने आखायची, आणि एका सभेचं लिखाण जिथे संपेल तिथेच अध्यक्षांची आणि सचिवाची सही. पुढची सभा लगेच खालच्या पानावर. वापरण्याआधी सर्व पानांना क्रमांक घालून पहिल्या पानावर 'या नोंदवहीत १ ते २०० पाने आहेत' असा दाखला सही-शिक्क्यासह लिहून ठेवायचा. छापील क्रमांक असलेली वही घेतली तरी काउंटरवरच सगळी पानं चाळून बघा. एखादा क्रमांक दोनदा किंवा गायब असलेल्या प्रती येतात, आणि दाखला लिहून झाल्यावर दुकानदार परत घेत नाही.

साध्या वहीत लिहायला शिस्त लागते, हे खरं. विषयांचा क्रम नोटिशीतलाच ठेवायचा: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, मागील महिन्याचा जमाखर्च, आलेला पत्रव्यवहार आणि अर्ज, नमुना ८ च्या नोंदी, करवसुली, पाणीपुरवठा आणि दिवाबत्ती, चालू कामं, शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय. या शेवटच्या विषयात मोठा खर्च ढकलायची खोड अनेक ठिकाणी आहे. नोटिशीत नसलेला खर्च तिथे मंजूर केला की सभेला न आलेला सदस्य पहिला आक्षेप त्यावरच घेतो.

ठरावाची भाषाही वहीइतकीच महत्त्वाची. 'टीसीएल पावडर खरेदीबाबत चर्चा झाली, मंजूर' हा ठराव म्हणजे काहीच नाही. असा लिहा: 'पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणासाठी टीसीएल पावडर ५० किलो, प्राप्त तीन दरपत्रकांपैकी सर्वांत कमी दराच्या पुरवठादाराकडून, रु. अमुक मर्यादेत, पाणीपुरवठा निधीतून खरेदी करण्यास मंजुरी देण्यात येते. साठा नमुना १५ ला घ्यावा.' वस्तू, परिमाण, दर कसा ठरला, पैसा कुठून, नोंद कुठे. याखाली सूचक, अनुमोदक. एवढ्यात प्रमाणक, साठा आणि ठराव तिन्ही एकमेकांशी जुळतात.

प्रोसिडिंग बुकासोबत सेटमध्ये मिळणारी नोटीस वही मात्र डोळे झाकून घ्यावी. अर्धं पान नोटिशीचं, अर्धं बजावणीचं: सदस्याचं नाव, मिळाल्याची तारीख, वेळ, सही, आणि घरी नसल्यास कुणाकडे दिली. मासिक सभेला तीन पूर्ण दिवस आधी नोटीस लागते. नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस त्यात धरायचा नाही. सभा २८ तारखेला असेल तर नोटीस २४ च्या आत पोचायला हवी. सभा बेकायदा ठरवायला निघालेला माणूस ठरावापर्यंत जातच नाही, तो बजावणीची तारीख बघतो. व्हॉट्सअॅपवर टाकली म्हणून वहीतली सही सोडू नका.

ग्रामसभेचं वेगळं बुक सेटमध्ये येतं, त्यात हजेरीला प्रत्येक सभेमागे ४० ओळी. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ५०० मतदारांच्या वाडीलाही ७५ सह्या लागतात. ४० ओळींचं पान छापणाऱ्याने सभा तहकूबच होणार असं गृहीत धरलं असावं, आणि अनुभव बघता त्याला दोष देणं अवघड आहे. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण विषय तेच घ्यायचे. ग्रामसभेसाठी हजेरीची वही स्वतंत्र करा आणि इतिवृत्तात तिचे पान क्रमांक लिहा.

काही पंचायती इतिवृत्त संगणकावर टाइप करून छापील कागद वहीत डकवतात. वाचायला छान, पण डिंक सुटतो आणि त्यावर कसर लागते. डकवायचंच असेल तर सही अशी करा की अर्धी डकवलेल्या कागदावर, अर्धी वहीच्या मूळ पानावर. सभेच्या ध्वनिमुद्रणावरून इतिवृत्त तयार करणारं केंद्राचं 'सभासार' २०२५ मध्ये आलंय. कच्चा मसुदा म्हणून त्याचा उपयोग होईल, सही मात्र कागदावरच लागणार.

एक शेवटची तपासणी दुकानातच करा. वही मधोमध उघडून टेबलावर ठेवा आणि हात काढा. सपाट राहिली तर घ्या. मिटायला लागली तर झेरॉक्स काढताना पाठीकडचे शब्द काळ्या पट्ट्यात जाणार. माहिती अधिकारात २ रुपये पानाने नक्कल मागणारा अर्जदार ते अपुरं म्हणून अपिलात जाईल. फुलस्केप पान ए-फोर कागदावर कापलं जातं, तेव्हा नक्कल लीगल कागदावरच काढायला सांगा. आसपासच्या आठ-दहा पंचायतींनी मिळून छापखान्याला आपला आराखडा दिला तर तळाची 'सर्वानुमते' ओळ गाळून, २० ओळींची सुटी हजेरीपत्रकं आणि चार पानांची अनुक्रमणिका घालून वही करून मिळते. छपाईआधी प्रूफ मागवा, आणि त्यात पदनाम आधी वाचा.