कुकर, चपाती की भाकरी? स्वयंपाकाची आवड नसेल तर आधी काय शिकावं

रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी तेल-मीठ कमी करायला सांगितलं. किंवा नोकरीसाठी सांगलीत, कराडला, साताऱ्यात खोली घेतली आणि मेसच्या तर्रीने पोट बिघडलं. कारण काहीही असो, ज्याला ओट्यापाशी उभं राहायचा कंटाळा आहे त्याला घरचं साधं जेवण शिकायला तीन वाटा आहेत: कुकरमधलं एका भांड्यातलं जेवण, चपाती-भाजी आणि भाकरी-कालवण. तिन्ही चांगल्या आहेत, पण तिन्ही एकदम धरल्या तर दुसऱ्या आठवड्यात सगळं सुटतं.

धान्यावरून निवड करणार असाल तर आधी एक गैरसमज दूर करू. चपाती सोडून भाकरी धरली की तब्येत आपोआप सुधारते असं नाही. ज्वारीत आणि चक्कीवर दळलेल्या, न चाळलेल्या गव्हाच्या पिठात तंतूंचं (फायबरचं) प्रमाण जवळपास सारखंच असतं, १०० ग्रॅममध्ये १० ते ११ ग्रॅम. प्रथिनंही दोन्हींत १० ग्रॅमच्या आसपास. पांढऱ्या तांदळात मात्र तंतू ३ ग्रॅमही भरत नाहीत. खरा फरक पडतो तो त्या धान्याबरोबर पोटात जाणाऱ्या तेलाचा.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहार मार्गदर्शिकेत २००० कॅलरीच्या दिवसभराच्या आहारासाठी वरून वापरायचं तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे. म्हणजे माणशी महिन्याला साधारण ९०० मिली. आता चपातीचा हिशोब करा. घडीत अर्धा चमचा तेल आणि भाजल्यावर वरून अर्धा चमचा, अशा तीन चपात्यांना चहाचे तीन चमचे झाले, म्हणजे १३-१४ ग्रॅम. दोन्ही वेळा तीन-तीन खाल्ल्या तर दिवसाचं तेल चपातीतच संपलं, भाजीची फोडणी अजून बाकीच आहे. भाकरीला थेंबभरही तेल लागत नाही. बिनतेलाचे फुलके केले तर हा फरक जवळजवळ मिटतो, पण फुलका नवशिक्याला चपातीपेक्षाही अवघड जातो.

कुकर: सुरुवात इथूनच करा

हातांचं काम दहा मिनिटांचं, उरलेला वेळ गॅसचा. दोघांसाठी अर्धी वाटी सालाची मूगडाळ, अर्धी वाटी तांदूळ, दीड वाटी चिरलेल्या भाज्या (गाजर, दोडका, श्रावणघेवडा, फ्लॉवर), साडेतीन वाट्या पाणी, दोन चमचे तेलाची जिरं-लसूण-हळदीची फोडणी आणि पाऊण चमचा मीठ. डाळ-तांदूळ समसमान घ्या. नेहमीच्या खिचडीत तांदूळ दुप्पट असतो, तिथेच ती हलकी आणि लवकर भूक लावणारी होते.

शिट्ट्या मोजत बसू नका. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून सात-आठ मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. डाळीच्या पदार्थासाठी कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नये. डाळीला फेस येतो, तो शिट्टीत अडकतो आणि वरून पिवळं पाणी उडतं. शिट्टीच होत नसेल तर बहुतेक वेळा रिंग सैल झालेली असते. तसंच पुढे रेटलं तर पाणी आटतं आणि तळ करपतो. पालक-मेथी कुकरमध्ये घालू नका, काळपट लगदा होतो. झाकण उघडल्यावर चिरून घाला आणि दोन मिनिटं उकळा.

कुकरची उणीव अशी की मऊ जेवण भरभर खाल्लं जातं आणि भाजी वाटते त्यापेक्षा कमी पोटात जाते. त्याच मार्गदर्शिकेत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत, त्यात बटाटा धरलेला नाही. खिचडीतल्या दीड वाटीतून दोघांची त्या वेळची गरजही भागत नाही. म्हणून शेजारी काकडी, मुळा, गाजर, कांदा, जे असेल त्याची वाटीभर कोशिंबीर हवीच.

चपाती: डब्यासाठी उत्तम, शिकायला सगळ्यात उशिराची

चपातीचा एक गुण बाकी दोघांत नाही. सकाळी सातला केलेली दुपारी दीडला मऊ असते. एमआयडीसीत पाळी असेल, जेवण डब्यातूनच होणार असेल तर चपाती शिकावीच लागेल. एक वाटी पिठाला अर्ध्या वाटीपेक्षा थोडं कमी पाणी, कणीक सैलसर मळून वीस मिनिटं झाकून ठेवायची. नवशिक्याची चपाती कडक होते ती बहुतेक दोन कारणांनी: कणीक घट्ट राहते, किंवा मंद आचेवर फार वेळ भाजली जाते आणि पाणी उडून जातं. तवा आधी चांगला तापू द्या. पीठ चाळून कोंडा टाकू नका, तंतू तिथेच असतात. तेल बाटलीतून ओतू नका, वाटीत दिवसाचं मोजून काढा.

भाकरी: दोन आठवडे वाकडी होणार, मग सुटेल

आपल्याकडे भाकरीला सोय मोठी आहे. जत-आटपाडी, माण-खटावचा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, बाजारात सहज मिळतो आणि गिरणीवाला दोन किलोसुद्धा दळून देतो. तेवढंच दळा. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे बांधून धरायची ताकद, जाते आणि कितीही मळलं तरी भाकरी कडेला चिरते. नव्या माणसाला वाटतं हात वाईट आहे, दोष असतो पिठाचा. बाजरीचं पीठ तर आठ-दहा दिवसांत कडवट होऊ लागतं, कारण त्यात स्निग्धांश जास्त असतो.

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पाणी कढत हवं. कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि तोच पीठ बांधून धरतो. एका भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ घ्या. अर्ध्या पिठावर उकळतं पाणी घालून चमच्याने कालवा, निवल्यावर उरलेलं पीठ मिसळून तळहाताच्या टाचेने तीन-चार मिनिटं रगडा. एकावेळी एकाच भाकरीचं मळायचं. थापता येत नसेल तर प्लास्टिकच्या दोन कागदांत लाटा, त्यात कमीपणा काही नाही.

तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवा आणि लगेच पाण्याचा हात फिरवा. हे पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायचं. उशीर झाला की वरचा थर तडकतो आणि वाफ तिथून निघून जाते, मग भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू नीट भाजली की पहिली बाजू थेट आचेवर धरा.

हे जमेपर्यंत शेजारच्या पोळी-भाजी केंद्रातून भाकरी आणा आणि कालवण घरी करा. आमच्या मते ही मधली वाट सगळ्यात शहाणपणाची. तेल-मीठ कालवणात असतं आणि ते तुमच्या हातात राहतं.

कालवण अख्ख्या मसुरीचं करून पाहा. ढाब्यावर तो तेलाच्या थराखाली येतो, घरी त्याची गरज नसते. एक वाटी मसूर तासभर भिजवून तीन वाट्या पाण्यात कुकरला लावा, शिट्टीनंतर बारीक आचेवर सहा-सात मिनिटं. दोन चमचे तेलात दोन बारीक चिरलेले कांदे झाकण ठेवून मऊ करा, ठेचलेला लसूण घाला, मग दीड चमचा कांदा-लसूण मसाला आणि लगेच दोन पळ्या मसुरीचं पाणी. पाणी घातलं की कमी तेलातही मसाला करपत नाही. टोमॅटो मसूर शिजल्यावरच घाला, आंबट आधी पडलं की कडधान्य मऊ व्हायला वेळ लागतो. हे तिघांना पुरतं. असाच कोरेगावचा वाघ्या घेवडाही (राजम्याचाच एक प्रकार) करता येतो, पण तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवायचा. अर्धवट शिजलेला घेवडा पोट बिघडवतो.

मिठाची एक चूक आपल्या भागात घरोघरी होते. कांदा-लसूण मसाल्यात मीठ आधीच असतं आणि तरी कालवणात सवयीने चमचाभर पडतं. दिवसाचं एकूण मीठ पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, आणि त्यातच लोणचं-पापडही आलं. मसाला घालून उकळी आल्यावर चव बघा, मगच मीठ. चव पडेल वाटत असेल तर लिंबू पिळा.

मग निवड कशी करायची? एकटे असाल आणि घरी यायला रात्रीचे आठ वाजत असतील तर पहिले दोन आठवडे फक्त कुकर. घरात तिघं-चौघं असतील आणि एखादी आजी किंवा काकू भाकरी करत असतील तर कालवण तुमच्याकडे घ्या आणि त्यांच्याकडून आठवड्याला एक दिवस भाकरी शिका. डबा न्यायचा असेल तर चपाती, पण तिसऱ्या आठवड्यापासून. साखरेचा त्रास असणाऱ्यांनी भाकरीही मोजूनच खावी. ती ज्वारीची आहे म्हणून चौथी चालते असं नाही.

आणि मेस सोडता येत नसेल तर डब्यातली भाजी वाटीत काढून वरचं तेल चमच्याने बाजूला करा आणि घरी फक्त मोड आलेली मटकी करा. रात्री भिजवा, सकाळी फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड येतात, थंडीत अर्धा दिवस जास्त लागतो. एक चमचा तेलाच्या फोडणीवर, अर्धी वाटी पाणी घालून, झाकण ठेवून बारा-पंधरा मिनिटं.