फुगवायची कयाक ऑनलाइन घेताय? आमच्याबरोबर काय झालं ते आधी वाचा

फुगवायची कयाक, म्हणजे हवा भरून वल्ह्यांनी चालवायची लहान होडी, घ्यावी की नाही, असा विचार सध्या बऱ्याच घरांत चाललेला दिसतो. फायबरची कयाक ठेवायला जागा लागते, न्यायला गाडीवर कॅरिअर लागतो. ही मात्र घडी घालून कपाटात जाते. मागणी वाढली तशी तिच्या नावावर फसवणूकही सुरू झाली आहे. ती नुसती पैशांची असती तर मी इतकं लिहीत बसले नसते. या वस्तूत माणूस बसून पाण्यात जाणार असतो.

आम्ही रत्नागिरीचे. भाट्ये खाडीत, काजळी नदी समुद्राला मिळते तिथून बरंच आत, कांदळवनाच्या कडेने भरतीच्या पाण्यात सकाळी तासभर फिरावं, पक्षी बघावेत, एवढीच हौस. माझा पुण्याचा मावसभाऊ पवना धरणावर भाड्याच्या कयाक चालवत आलेला, त्यामुळे काय घ्यायचं ते त्यानेच ठरवलं होतं. ड्रॉप-स्टिच तळाची, दोन माणसांची, तीन एअर चेंबरची, म्हणजे हवेचे तीन वेगळे कप्पे असलेली. ड्रॉप-स्टिच म्हणजे वरचा आणि खालचा थर हजारो धाग्यांनी आतून एकमेकांना बांधलेला असतो. हवा भरली की तळ गोल न फुगता सपाट आणि टणक राहतो. त्यात आठ-दहा पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेचा दाब मोजायचं एकक) दाब भरता येतो. साध्या प्लास्टिकच्या नळ्यांची कयाक एक पीएसआयच्या आसपास फुगते आणि दोन मोठी माणसं बसली की मधे केळ्यासारखी वाकते.

मोबाइलवर नेमकी अशीच जाहिरात येऊ लागली. पिवळी-करडी कयाक, निळंशार तळं, मागे बर्फाचे डोंगर. खाली लिहिलेलं: ड्रॉप-स्टिच तळ, तीन चेंबर, १८० किलो भार, दोन वल्ही, पंप आणि बॅग. छापील किंमत ३४,९९० खोडलेली, आजची किंमत १३,९९०. वर घड्याळ उलटं पळत होतं आणि शेजारी 'फक्त तीन शिल्लक'. ही खोटी घाई केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला काढलेल्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला भुलवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांच्या, मार्गदर्शक तत्त्वांत नावानिशी दिली आहे, आणि ती अनुचित व्यापारी प्रथा धरली जाते. साइटवर भारतातला पत्ता होता, ग्राहकांचे फोटोंसकट अभिप्राय होते, सात दिवसांत परत घेण्याचं आश्वासनही होतं. कॅश ऑन डिलिव्हरी नव्हती. प्रीपेडला सूट होती. भावाने क्रेडिट कार्डाने पैसे भरले. पुढे याच गोष्टीने आम्हाला वाचवलं.

खोकं आलं तेव्हा ते मी एका हाताने उचलून ओटीवर ठेवलं. तिथेच शंका आली. दोन माणसांची ड्रॉप-स्टिच कयाक पंप-वल्ह्यांसकट दहा-पंधरा किलोच्या खाली क्वचितच असते. कुरिअरच्या लेबलवर वजन छापलेलं असतं, ते बघायची सवय लावा. आमच्या लेबलवर चार किलोसुद्धा नव्हतं. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, फोडू नकोस. मी शनिवारी येतो, व्हिडिओ चालू ठेवून फोडू."

फोडलं तर आत पातळ, चकचकीत प्लास्टिक निघालं. भावाने सगळ्यात आधी व्हॉल्व्ह पाहिला. खऱ्या कयाकच्या नळ्यांना रुंद, दोन झाकणांचा बॉस्टन व्हॉल्व्ह असतो. आत पडदा असतो, हवा आत जाते पण बाहेर येत नाही. जास्त दाबाच्या तळाला स्प्रिंगची दांडी असलेला व्हॉल्व्ह असतो, दाबून फिरवला की बंद. इथे बोटाएवढी नळी होती, टोकाला बूच, चिमटीत दाबून तोंडाने फुगवायची. तो म्हणाला, "हा पोहायच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आहे गं." उलटी केली तर खालच्या बाजूला बारीक इंग्रजीत छापलं होतं: बुडण्यापासून संरक्षण देत नाही, फक्त पोहता येणाऱ्यांनी देखरेखीखाली वापरावे, जास्तीत जास्त भार ९० किलो. जाहिरातीत १८० किलो आणि मालावर ९०! दोन मोठी माणसं त्यात बसून खाडीत शिरली असती तर काय झालं असतं, हे मला अजून नीट झोपू देत नाही.

तळात धागे कसले, दोन पातळ थर मधे मधे वितळवून चिकटवलेले. आम्ही ती ओटीवरच, सावलीत फुगवली आणि सगळ्या शिवणींवर साबणाचं पाणी फिरवलं. नाकाकडच्या जोडावर बारीक बुडबुड्यांची रांग उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजू पार बसलेली होती. खोक्यावर आयातदाराचं नाव नाही, एमआरपी नाही, कोणत्या देशात बनली ते नाही. पॅकबंद वस्तूवर हे सगळं असणं २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. खोक्यावर हे नसेल तर तेवढ्यावरही तक्रार करता येते, हे फार जणांना माहीत नसतं.

मग सुरू झाला ईमेलचा खेळ. हाच या धंद्याचा खरा गाभा आहे, म्हणून नीट सांगते. पहिलं उत्तर अगदी नम्र: गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, फोटो पाठवा. पाठवले. मग अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागितला. साइटवर ही अट कुठेच नव्हती. व्हिडिओ आमच्याकडे होता म्हणून निभावलं. मग उत्तर आलं की शिवण सुटली कारण तुम्ही ती उन्हात ठेवली असणार.

या सबबीत थोडं शास्त्र आहे आणि त्याच्या आड ते लपतात. सकाळी २५ अंशाला एक पीएसआय भरलेली हवा बंद नळीत ५० अंशांपर्यंत तापली, तर हिशेबाने दाब दुपटीहून जास्त होतो, कारण वातावरणाचा जवळजवळ पंधरा पीएसआयचा दाबही त्या हिशेबात येतो. प्लास्टिक ताणतं म्हणून प्रत्यक्षात जरा कमी. म्हणूनच फुगवलेली कयाक उन्हात वाळूवर ठेवायची नसते, ठेवलीच तर थोडी हवा सोडायची. पण आमची तर सावलीतच गळत होती, आणि व्हिडिओत तारीख-वेळेसकट ते दिसत होतं.

ते सांगितल्यावर त्यांनी सौदा सुरू केला. माल ठेवून घ्या, १५ टक्के परत देतो. नको म्हटल्यावर २५. मग ४०, पण अट अशी की बँकेकडे तक्रार करायची नाही. परतच करायची असेल तर चीनमधल्या गोदामात स्वखर्चाने पाठवा. त्याचा कुरिअर खर्च कयाकच्या किमतीला भिडणारा! साइटवर भारताचा पत्ता देऊन परतीला चीन. प्रत्येक मेलमागे ते दोन-तीन दिवस घालवत होते. कार्डाच्या व्यवहाराला हरकत घ्यायला बँकेची ठराविक मुदत असते; ती उलटेपर्यंत तुम्हाला बोलण्यात गुंतवून ठेवायचं, हा सगळा बेत. टक्के वाढत जातात ते दयेपोटी नाही. कंटाळून कुणीतरी १५ वर, कुणीतरी ४० वर 'हो' म्हणतं, आणि उरलेले सगळे पैसे त्यांचे.

भावाने मेलामेली चालू ठेवून बँकेत डिस्प्यूट टाकला. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, मालावरचं ९० किलो, कुरिअर लेबलवरचं वजन, व्हिडिओ आणि त्यांची टक्क्यांची मेलं, एवढं जोडलं. दुकानदाराने बँकेला फक्त पार्सल पोहोचल्याची पावती दाखवली. आमचं म्हणणं पार्सल आलं नाही असं नव्हतंच, वर्णनाप्रमाणे आलं नाही असं होतं, आणि या दोन कारणांतलं बरोबर कारण फॉर्मवर निवडणं फार महत्त्वाचं. पैसे परत मिळाले. 

कायदा आपल्या बाजूने आहे, तो वापरा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहिरातीत सांगितल्यासारखा नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे भरले आणि साइटच गायब झाली, तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. तिथे जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. जिल्हा ग्राहक आयोगात आपल्या राहत्या जिल्ह्यातून तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. विक्रेत्याच्या गावी जायची गरज नाही.

आता घ्यायची की नाही, याबद्दल. जाहिरातीतला फोटो गुगल लेन्सवर टाका. आमच्या जाहिरातीतला फोटो एका परदेशी कंपनीच्या कयाकचा निघाला, किंमत कितीतरी जास्त. जीएसटी क्रमांक मागा आणि जीएसटी पोर्टलवर टाकून नाव, पत्ता, नोंदणीची तारीख बघा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. पत्ता मुंबईचा आणि क्रमांक दुसऱ्याच राज्याचा असेल तर विचारा का. व्हॉल्व्हचा जवळून काढलेला फोटो मागा. खरं विकणारा दोन मिनिटांत पाठवतो. जमलं तर दुकानात जाऊन फुगवलेली बघूनच घ्या.

आणि खरी कयाक मिळाली तरी कोकणात एक ध्यानात ठेवा. आपल्या खडकांना कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार पातळ प्लास्टिक सहज चिरते. कापडाचा गाभा असलेलं जाड पीव्हीसीच घ्यावं. या कयाक हलक्या, पाण्यावर तरंगत्या, वारा त्यांना हवा तिकडे नेतो. रात्री-पहाटे मतलई वारा समुद्राकडे वाहतो, त्यात ओहोटी असली तर खाडीच्या मुखाजवळ नवशिक्याने जाऊच नये. धरणाचं पाणीही शांत समजू नका. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. लाइफ जॅकेट अंगात, बकलं लावून, पिशवीत नव्हे.

आम्ही सध्या विकत घेत नाही. भाड्याची चालवतो आहोत.

त्या साइटचं नाव आता बदललंय. फोटो तेच आहेत: पिवळी-करडी कयाक, बर्फाचे डोंगर, पुढे बसलेल्या बाईच्या डोक्यावर लाल टोपी. किंमत १२,४९० झाली आहे आणि घड्याळ अजून उलटं पळतंय. तुमच्या मोबाइलवर ही जाहिरात दिसली तर स्क्रीनशॉट काढून १९१५ कडे तक्रार नोंदवा आणि घरच्या ग्रुपवर टाका. यावेळी उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच ती फिरू लागली आहे.