स्काऊट, एनसीसी, हरित सेना की एनएसएस? सातारा-सांगलीतल्या मुलांनी निवडताना काय पाहावे

जून-जुलैत शाळा-कॉलेजच्या सूचनाफलकावर एकामागून एक कागद लागतात. एनसीसीची भरती, स्काऊट-गाईडची नोंदणी, झाडे-पर्यावरणाचे काम करणाऱ्या हरित सेनेची यादी, शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक. सगळ्यांवर ‘नेतृत्वविकास’ हा शब्द असतो आणि बहुतेकांचे तास शनिवारी सकाळी नाहीतर रविवारी येतात. त्यामुळे एक, फार तर दोन गटच नीट निभावतात.

निवडताना आधी डोळ्यांत भरतात ते गणवेश, शिबिराचे फोटो आणि प्रमाणपत्र. आमचे म्हणणे आहे की त्याऐवजी साधा आठवडा बघा. ज्या आठवड्यात कार्यक्रम नाही, पाहुणे नाहीत, त्या आठवड्यात या गटातले मूल करते काय आणि ठरवते काय? या प्रश्नावर हे गट एकमेकांपासून खूप लांब पडतात.

वय आणि वर्षांचा हिशेब

स्काऊट-गाईड सगळ्यांत लवकर सुरू होते. प्राथमिक वयात कब-बुलबुल, दहाव्या वर्षापासून स्काऊट किंवा गाईड आणि कॉलेजच्या वयात रोव्हर-रेंजर. प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान आणि मग राज्य पुरस्कार अशी चढण आहे. दोन टप्प्यांमध्ये ठरलेले महिने जावे लागतात, म्हणून नववीत नाव घालून दहावीत राज्य पुरस्कार गाठता येत नाही. पाचवी-सहावीत सुरुवात केली तर घाई होत नाही.

एनसीसीचा ज्युनिअर विभाग माध्यमिक शाळेत दोन वर्षांचा असतो आणि शेवटी ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा होते. कॉलेजात सिनिअर विभाग तीन वर्षांचा. दुसऱ्या वर्षी ‘बी’, तिसऱ्या वर्षी ‘सी’. परीक्षेला बसायला परेडची ७५ टक्के हजेरी आणि शिबिर लागते. मुले इथेच चुकतात. पदवीच्या पहिल्या वर्षी नाव घातले नाही तर तीन वर्षांची पदवी संपेपर्यंत ‘सी’ होत नाही. ज्याला सैन्यात जायचे आहे त्याला हे महागात पडते, कारण ‘सी’ प्रमाणपत्र आणि ठरलेली श्रेणी असेल तर एनसीसी विशेष प्रवेशाने लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखत मंडळासमोर जाता येते.

एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. आपल्याकडे अकरावी-बारावीलाही तिचे युनिट असू शकते. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि त्यात सात दिवसांचे श्रमसंस्कार शिबिर. निवडचाचणी कडक नसते, धावायची अट नसते. हरित सेना आणि मंत्रिमंडळ यांना तासांचे बंधन नाही. सोय तीच आणि अडचणही तीच.

मुलांचे कोण ऐकते

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातले १२ वे कलम सांगते की मुलाशी संबंधित बाबीत त्याला मत मांडता आले पाहिजे आणि त्या मताला वजन मिळाले पाहिजे. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. साताऱ्याच्या मातीत त्याच्या आधीपासून याचे बीज आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामे वाटून घेत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचे वाक्य अशाच जगण्यातून आलेले आहे.

आवाजाच्या कसोटीवर चांगले चाललेले स्काऊट-गाईड पथक पहिले येते, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण त्याची बांधणी. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा संघनायक आणि सगळ्या संघनायकांची बैठक. शिबिराला कुठे जायचे, जेवणात काय करायचे, कोणाची चूक कशी हाताळायची हे त्या बैठकीत ठरावे अशी पद्धतच आहे. आठ जणांत गप्प बसणारे मूलही फार काळ लपत नाही. पण ही बांधणी कागदावर राहू शकते. संघनायक शिक्षकांनी नेमला, बैठकीची वही कोरी आणि साठ मुले एका रांगेत उभी करून टाळ्यांचे प्रकार, असे दिसले तर ते पथक नव्हे.

शालेय मंत्रिमंडळाचा जन्मच आवाजासाठी आहे. बहुतेक ठिकाणी निवडणूक छान होते. चिन्हे, प्रचार, मोबाईलवरचे मतदान यंत्र, शपथविधी. पुढे मात्र स्वच्छतामंत्री हजेरीपट आणून देतो आणि आरोग्यमंत्री रांगा लावतो. मंत्र्याकडे पैसा नाही, बैठकीचा दिवस नाही, उत्तर द्यायला कोणी बांधलेले नाही, म्हणून हे होते. दुरुस्तीला फार काही लागत नाही. दर वर्गातून एक मुलगी आणि एक मुलगा, महिन्याचा ठरलेला वार, इतिवृत्ताची वही, वर्षाला दोन-तीन हजार रुपये मुलांनी ठरवून खर्चायचे आणि प्रत्येक मागणीला मुख्याध्यापकांचे १५ दिवसांत लेखी उत्तर, ‘नाही’ असले तरी कारणासह. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी, पिण्याच्या पाण्याचा नळ, एसटीच्या वेळा हे विषय आपोआप वर येतात. ही व्यवस्था असलेल्या शाळेत मंत्रिमंडळ जरूर निवडावे.

एनसीसीत सार्जंट किंवा अंडर ऑफिसर झालेले मूल पन्नास जणांना हुकूम देते, वेळ पाळते, दमलेल्याला सांभाळते. मोठी शिकवण आहे. पण कार्यक्रम वरून ठरतो. ज्या मुलाला ‘हे असे का?’ विचारायची ओढ आहे त्याने हे आधी समजून घ्यावे, म्हणजे दोन महिन्यांनी परेड सोडावी लागत नाही. एनएसएस मधोमध येते. कार्यक्रम अधिकारी मोकळे असतील तर दत्तक गावातले सर्वेक्षण आणि शिबिराची आखणी मुलेच करतात.

झाडे का मरतात, बंधारा का कोरडा राहतो

हरित सेना २००१-०२ पासूनच्या केंद्राच्या योजनेतून आली आणि राज्यात सामाजिक वनीकरण विभागामार्फत चालते. रोपे त्या विभागाच्या रोपवाटिकेतून मिळवता येतात. प्रश्न रोपांचा नाही, मे महिन्याचा आहे.

गणित करून पाहा. पन्नास रोपे, प्रत्येकी आठवड्याला १० लिटर, म्हणजे ५०० लिटर. फेब्रुवारी ते जूनच्या मध्यापर्यंत साधारण १९ आठवडे धरले तर साडेनऊ हजार लिटर. पाच हजार लिटरचे जेमतेम दोन टँकर. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतही एवढे पाणी गाव उभे करू शकते. रोपे मरतात ती सुट्टीत घागर उचलणारे कोणी नसते म्हणून. शाळेशेजारी राहणाऱ्या दहा मुलांना पाच-पाच रोपे नावानिशी देणारी हरित सेना खरी. खड्डे उन्हाळ्यातच खणलेले हवेत, लांबी-रुंदी-खोली दीड-दीड फूट, म्हणजे माती तापते. रोप किमान हातभर उंच असावे आणि लावणी दोन चांगले पाऊस झाल्यावर. करंज, कडुनिंब, जांभूळ, बहावा टिकतात.

कास पठारावर मात्र झाडे लावायला कोणी नेत असेल तर नाही म्हणा. तिथली फुले जांभ्या खडकावरच्या पातळ मातीत येतात. झाडांची सावली आणि पालापाचोळा त्यांना मारतो. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या भागांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात कास आहे. तिथे मुलांनी करायचे काम म्हणजे प्लास्टिक वेचून त्याचे प्रकारवार वजन करणे आणि ते आकडे वनविभागाला देणे.

एनएसएसचे आवडते काम वनराई बंधारा, म्हणजे ओढ्याचे पाणी अडवणारा पोत्यांचा बांध. सिमेंटची रिकामी पोती पाऊण भरून शिवायची, विटांसारखे सांधे चुकवून रचायची, पाया माथ्यापेक्षा रुंद ठेवायचा. सगळे नीट करूनही बंधारा कोरडा राहतो, कारण शिबिर डिसेंबर-जानेवारीत लागते आणि दुष्काळी पट्ट्यातला ओढा तोवर आटलेला असतो. बंधारा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाणी वाहते असताना घालायचा असतो. ज्या युनिटने दिवाळीच्या आसपास दोन रविवार बंधाऱ्याला दिले आणि शिबिर दुसऱ्या कामाला ठेवले, त्या युनिटला काम कळते असे समजावे.

कृष्णाकाठी एनएसएसचे मोल आणखी आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. पूर ओसरल्यावर घरे, शाळा, दवाखाने धुऊन काढायला हात लागतात. तिथे मुलांना पाठवण्याआधी गमबूट आणि रबरी हातमोजे आहेत का, पायाला जखम असलेल्याला बाजूला ठेवतात का, हे पालकांनी विचारावे. पुराच्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो. नुसत्या उत्साहावर अनवाणी उतरवणारा गट नको.

डोंगर आणि साहस

इथे एनसीसीचे पारडे जड. गोळीबाराचा सराव, दहा दिवसांचे वार्षिक शिबिर, निवड झाली तर गिर्यारोहण आणि पॅरासेलिंग, तेही घरचा फारसा खर्च न होता. पण मोठी संधी थोड्यांना मिळते. स्काऊटिंगमध्ये साहस लहान असते आणि सगळ्यांच्या वाट्याला येते. तंबू, गाठी, नकाशा-होकायंत्र, चुलीवरचा स्वयंपाक.

ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्काराची पद्धत भारतात १९६२ पासून आहे. वय १४ ते २४, ब्राँझला किमान सहा महिने, सिल्व्हरला बारा, गोल्डला अठरा. सेवा, कौशल्य, शारीरिक व्यायाम आणि साहसी प्रवास अशा चार बाजू. ब्राँझचा प्रवास दोन दिवस-एक रात्र असतो आणि वाट मुलांनी आखायची असते. शाळा किंवा संस्था त्यात नोंदलेली असावी लागते आणि शुल्क असते. खासगी शाळांना हे जमते, जिल्हा परिषदेच्या शाळेला अवघड जाते.

कोणताही गट असो, किल्ल्यावर जाण्याआधी चार गोष्टी विचारा. दहा मुलांमागे एक मोठे माणूस आहे का? प्रत्येकाकडे दोन ते तीन लिटर पाणी? आयोजक बाहेरचा असेल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्याची नोंदणी? परतीची वेळ ठरलेली आहे का? पहिल्या वर्षाला अजिंक्यतारा किंवा मिरजेजवळचा दंडोबा पुरेसा. वासोट्याला बामणोलीतून बोट, वनविभागाची परवानगी आणि त्याच दिवशी परत येणे, इतके सगळे जुळावे लागते. सहावीच्या मुलांना तिथे नेऊ नये.

जगाची ओळख

इंटरॅक्ट क्लब १२ ते १८ वयासाठी रोटरीच्या आधाराने चालतो. वर्षाला दोन प्रकल्प, त्यातला एक आंतरराष्ट्रीय सामंजस्याचा असावा असा नियम. बऱ्याच ठिकाणी तो ध्वज-प्रदर्शनात उरकतो. स्काऊटिंगचे जगाशी नाते अधिक साधे आहे. ऑक्टोबरातल्या जांबोरी ऑन द एअरला मुले रेडिओ आणि इंटरनेटवरून परदेशातल्या मुलांशी बोलतात.

मुले एकेका देशाची बाजू मांडतात त्या अभिरूप संयुक्त राष्ट्रसभा बहुधा इंग्रजीत आणि शुल्क घेऊन होतात. मराठी माध्यमाच्या मुलांनी त्यामुळे मागे राहू नये. सुरक्षा परिषदेत १५ देश असतात, म्हणजे एका वर्गात मावते. प्रत्येक मुलाला एक देश, एक पानाची भूमिका, ९० सेकंदांचे भाषण. ठराव मंजूर व्हायला ९ मते, आणि पाच कायम सदस्यांपैकी कोणाचाही नकार नको. पाऊण-पाऊण तासाच्या चार तासिकांत मराठीतून उत्तम होते. तासगावची द्राक्षे युरोपात जाताना औषधांच्या अवशेषांची तपासणी का होते, हा विषय दिला तर घरचे वडीलधारेही चर्चेत उतरतात.

मग कोणी काय घ्यावे

पाचवी ते आठवीच्या मुलाला चांगले पथक मिळत असेल तर स्काऊट-गाईड. सैन्य, पोलीस किंवा मैदानाची ओढ असेल तर एनसीसी, आणि मग दुसरे काही नको. सायकलवरून चार किलोमीटर येणाऱ्या आणि घरची गुरे बघणाऱ्या मुलीला हरित सेना किंवा मंत्रिमंडळ झेपते, शनिवार मोडत नाही. अकरावीला विज्ञान घेऊन सीईटीची तयारी करणाऱ्याने एनएसएसचे १२० तास वर्षभर पसरून मिळतात की शेवटच्या महिन्यात कोंबले जातात, हे वरच्या वर्गाला विचारावे. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी गट निवडू नये. निकष शासन निर्णयाप्रमाणे बदलतात, चालू वर्षाचा निर्णय वर्गशिक्षकांकडे मागून वाचावा.

नाव घालण्याआधी मागच्या वर्षीची हजेरीवही आणि बैठकीची वही बघायला मागा. फेब्रुवारीच्या पानावर किती नावे उरली आहेत तेवढे मोजा.