पापडीतल्या मास्तरांकडे शिवलेले दोन झगे (पाचपैकी चार तारे)

मुलाची गुरुदीक्षा ठरली, म्हणजे तो फादर होणार, म्हणून दोन पांढरे झगे शिवायला टाकले होते. आमच्या वसईत चर्चं भरपूर, पण झगा बसवता येणारे शिंपी थोडे. शर्ट-पँटवाल्याकडे दिला की गाऊन होऊन परत येतो.

हे दुकान पापडी बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. पाटी नाही, मशीन एकच, मास्तर सत्तरीचे. माप घ्यायच्या आधी विचारलं, "बाइक चालवतो का?" चालवणाऱ्याला मागची चीर वर घ्यावी लागते. तलासरी-मोखाड्याकडे नेमणूक झाली तर पायी चढ-उतार, म्हणून उंची घोट्याच्या दोन बोटं वर. कापड टेरीकॉट, कारण धुणार तो स्वतः. रोमन पद्धतीच्या झग्याला 33 बटणं असतात, येशूच्या आयुष्याच्या वर्षांइतकी. मी तीच मागितली. मास्तर म्हणाले, "सकाळी सहाच्या मिस्साला लावत बसेल का तो?" मग आतून चेन आणि वरून सात बटणं.

खिशांचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, मोठे करा. मास्तर हसले. "रुमाल नि जपमाळ. फादरच्या खिशाला आणखी काय लागतं?"

ते मला लागलं. पोरगा पवईत नव्वद हजारांवर होता. विरारला फ्लॅट बुक केला होता, तो रद्द करायला मीच सोबत गेलो. मी बँकेत 34 वर्षं काढली आहेत, हिशेब डोक्यातून जात नाही. धर्मप्रांताच्या फादरला संघातल्या संन्याशांसारखं दारिद्र्याचं व्रत नसतं, ब्रह्मचर्य आणि बिशपांची आज्ञा पाळण्याचं वचन असतं, हे कळल्यावर मला जरा धीर आला होता. मग त्याला मानधनाचा आकडा विचारला. त्याने सांगितला. पुढे मी काही विचारलं नाही.

आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया जपानात व्यापारात चांगला रुळला होता. ते सगळं सोडून मनिलात फ्रान्सिस्कन संन्यासी संघात गेला आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रुसावर गेला. लहानपणापासून दर सणाला हे प्रवचन ऐकतोय. ऐकायचं आणि घरी येऊन जेवायचं. त्यातलं 'व्यापार सोडला' हे दोन शब्दांचं प्रकरण घरात येईपर्यंत कधी अडकलं नव्हतं.

असो, झग्यांकडे येतो. शिवण सरळ, खांदे अचूक, घेर झकास. कापडासकट दोन्हीचे 5,200 घेतले. मुलगा एकच पुरे म्हणत होता, दुसऱ्याचे पैसे भरून मी गप्प बसलो. तारा कापला तो उशिरासाठी: सांगितलेल्या दिवसापेक्षा नऊ दिवस जास्त, त्यात एकाची कॉलर घट्ट निघाली. ती मात्र समोर बसवून, फुकट सैल करून दिली. दीक्षेच्या तारखेआधी दोन महिने हातात ठेवून जा. फोन उचलत नाहीत.

घरी आणून त्याने घातला, खिशात हात घातला तर मनगटाच्या वर गेला.

"पप्पा, एवढा खोल कशाला?"

कापड उरलं असेल, म्हटलं.