अंगावरून वारं गेल्यावर: लातूरला खोली, घरी फिजिओ की एसटीनं ये-जा?

ऐन सोयाबीन काढणीत आमच्या मालकांच्या अंगावरून वारं गेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली, त्यामुळं उजवा हात-पाय गेला आणि वाचाही. सुटी देताना दवाखान्यानं कागदावर एवढंच लिहिलं: फिजिओथेरपी चालू ठेवा. कुठं, कुणाकडून, किती दिवस, काही पत्ता नाही. आम्ही केज तालुक्यातले. वर्षभरात तिन्ही वाटा तुडवून झाल्या, म्हणून याच फेऱ्यात सापडलेल्या बायकांसाठी लिहिते. नवऱ्यांसाठीही, बायकोला लकवा झाला की घरातला पुरुष जास्तच गांगरतो, हे मी थेरपीच्या बाकड्यावर बसून पाहिलंय.

पहिले दोन महिने आम्ही लातूरला खोली केली. या वाटेच्या बाजूनं मोठं कारण आहे. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, सहा महिन्यांनंतर मंदावतो. थांबत नाही, पण मंदावतो. शहरात थेरपी रोज मिळते आणि स्पीच थेरपिस्ट मिळतो, जो आमच्याकडं तालुक्याला शोधून सापडला नाही. तो नुसतं बोलणं शिकवत नाही, गिळणंही तपासतो. मालकांना पाण्याचा ठसका का लागायचा ते तिथं कळलं: पातळ पदार्थ चटकन श्वासाच्या नळीत उतरतात, आणि छातीत संसर्ग व्हायला तेवढं पुरतं. मग ताठ बसवून, छोट्या चमच्यानं, आधी घट्ट पेज आणि वरणात कुस्करलेली भाकरी. पाणी स्पीच थेरपिस्टनं सांगितल्यावरच.

पण थेरपी दिवसाला एक तास. बाकीचे तेवीस तास खोलीत मी एकटी. रात्री दोनदा त्यांना लघवीला उठवायचं, आणि मी उठवायची ते लुळा हात धरून ओढून. असं ओढल्यानं खांद्याचा सांधा सुटतो, हे थेरपिस्टबाईंनी रागावून सांगितलं तेव्हा समजलं. हात पाठीमागून कमरेला घालायचा, खुर्ची त्यांच्या चांगल्या अंगाला लावायची. तोवर माझीच कंबर धरली होती. शिवाय त्या खोलीत मालकांशी बोलणार कोण? शेजारी सगळे दिवसभर कामावर. खोली घ्यायचीच तर तळमजला आणि कमोड आधी बघा, भाडं मागून.

गावी परतलो. आता थेरपिस्ट मोटारसायकलवर घरी येऊ लागले, आठवड्यातून तीनदा. फेरीला ४०० रुपये, म्हणजे महिन्याला ५ हजारांच्या आसपास. महात्मा फुले योजना भरती असताना कामी आली, या फेऱ्या मात्र खिशातून. तरी भाडं, रिक्षा आणि दोन चुली धरल्या तर लातूरपेक्षा हे हलकं पडलं. खरा फायदा वेगळाच. घरी आलेला माणूस तुमचं घर बघतो. आमची बाज त्यांनी पहिल्याच दिवशी अंगणात काढली. दोरीत अंग रुततं, कूस बदलता येत नाही. त्या जागी टणक पलंग आला, न्हाणीच्या दाराला धरायला पाईप बसला. सदरा चढवताना लुळा हात आधी, उतरवताना चांगला हात आधी, हे मी आणि जाऊबाई दोघी शिकलो. दिवसातून चार वेळा पलंगावरून उठणं-बसणं जाऊबाईच करून घ्यायच्या, मी वावरात असले तरी.

घरचा धोका म्हणजे माया. सासूबाई घास भरवायच्या, पुतणे काठी हातात द्यायच्या आधीच उचलून न्यायचे. जे अवयव वापरले जात नाहीत ते परत शिकत नाहीत, पण हे सासूबाईंना सांगायचं कुणी? शेवटी थेरपिस्टनाच सांगायला लावलं. दुसरा धोका भेटायला येणाऱ्यांचा. एकानं कबुतराच्या रक्ताची मालीश सांगितली, दुसऱ्यानं राजस्थानातलं बुटाटी, लकवा झालेल्यांना नेतात ते देवस्थान. देवाला जायचं तर जरूर जा, पण रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवू नका. पुन्हा झटका येण्याचा दरवाजा तिथंच उघडतो. आणि जो थेरपिस्ट करंटचं मशीन लावून मोबाईल बघत बसतो, तो बदला.

तिसरी वाट अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयाची, एसटीनं. पैशानं सगळ्यात स्वस्त. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहेच, आणि मालकांचं दिव्यांग प्रमाणपत्र निघाल्यावर त्यांनाही सवलत मिळाली (४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व लागतं, अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी दवाखान्यात). पण बसची पायरी उंच, रांग लांब, आणि आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दमलेला माणूस व्यायाम काय करणार? पहिल्या सहा महिन्यांत रोजची ये-जा करू नका. नंतर नवा व्यायाम शिकून यायला पंधरा दिवसांतून एक फेरी चांगली.

आता कुणी विचारलं तर मी आधी उलट विचारते: दुसरा माणूस कोण? सोबत दीर, बहीण, लेक, कुणी तरी रात्रीला येणार असेल आणि वाचा गेली असेल तर तीन महिने शहर. एकटीच असाल तर घर, भले थेरपी आठवड्यातून तीनच दिवस मिळो. अशा आजारात दहातल्या तीनेक जणांना उदासी घेरते. आमचे मालक महिनाभर भिंतीकडं तोंड करून पडले, मला वाटलं हट्ट आहे. डॉक्टरांनी त्याचीही गोळी दिली. त्या दिवसांत मी लातूरच्या खोलीत एकटी असते तर दोघंही खचलो असतो.

सध्या आमची पंधरवड्याची अंबाजोगाई चालू आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा पाय आधी, असं ते स्वतःशी पुटपुटतात. मागच्या खेपेला कंडक्टर म्हणाला, "काका, आटपा." मालक अर्धा मिनिट शब्द शोधत राहिले आणि म्हणाले, "थांब."