न पारखलेला क्वार्टरबॅक आणि ऑल-२२ फिल्म : एनएफएल प्लस प्रीमियमचं परीक्षण

नवख्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूवर, संघाने जुगार खेळावा का, हा वाद एनएफएलमध्ये, अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, दर वसंतात पेटतो. वाद घालणाऱ्यांच्या हातात बहुधा दोनच गोष्टी असतात, आकडेवारी आणि टीव्हीवर गाजलेले चार-पाच पास. दोन्ही अपुऱ्या आहेत. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. चेंडू हातातून सुटण्याआधीच बचावफळीचे मागचे दोन सेफ्टी चौकटीबाहेर गेलेले असतात. क्वार्टरबॅकने काय केलं ते आपल्याला दिसतं, पण त्याच्यासमोर आणखी काय उपलब्ध होतं ते दिसत नाही. आणि न पारखलेल्या खेळाडूबद्दल खरा प्रश्न तोच असतो.

यावरचा उपाय म्हणजे ऑल-२२ फिल्म. मैदानावरचे बावीसच्या बावीस खेळाडू एका चौकटीत, प्रत्येक प्ले (एकेक चाल) दोनदा : एकदा बाजूने, उंचावरून, आणि एकदा गोलरेषेमागून. पूर्वी ही फिल्म संघांच्या बाहेर जात नसे. २०१२ च्या हंगामापासून लीगने ती पैसे भरणाऱ्या प्रेक्षकांना खुली केली आणि अमेरिकेत २०२२ पासून ती एनएफएल प्लस या लीगच्या स्ट्रीमिंग सेवेच्या प्रीमियम वर्गणीत मिळते. सुरुवातीला प्रीमियमचा दर महिन्याला ९.९९ आणि वर्षाला ७९.९९ डॉलर होता. २०२३ मध्ये तो १४.९९ आणि ९९.९९ झाला. थेट सामन्यांसाठी ही वर्गणी घेऊ नका. त्यात मुख्यतः स्थानिक आणि प्राइमटाइम सामने, तेही फोन आणि टॅबलेटवर. पैसे द्यायचे ते फिल्मसाठी.

निकाल आधीच सांगून टाकतो. ज्याचे निदान तीन पूर्ण सामने झाले आहेत, अशा क्वार्टरबॅकबद्दल मत बनवायचं असेल तर सर्वसामान्य प्रेक्षकाला याहून चांगलं साधन मिळत नाही. तीनपेक्षा कमी सामने असतील तर ही फिल्म त्या खेळाडूबद्दल फारसं सांगत नाही, मात्र संघाचा दुसरा पर्याय किती भक्कम आहे ते सांगते. त्याचंही मोल कमी नाही.

तीनचा आकडा हवेतून काढलेला नाही. एका सामन्यात साधारण ३३ पास धरले तर तीन सामन्यांत शंभरेक होतात. समजा त्यातले ६४ टक्के पूर्ण झाले, म्हणजे पास झेलणाऱ्या रिसीव्हरच्या हातात गेले. केवळ नशिबाच्या चढउताराने हा आकडा ५५ ही असू शकतो आणि ७३ ही, म्हणजे शंभर पासांवरची टक्केवारी निकृष्ट आणि उत्कृष्ट क्वार्टरबॅकमध्ये फरक करू शकत नाही. पण त्याच शंभर पासांत तो कुठे बघतो, कधी सोडतो, पाय कसे ठेवतो हे शंभर वेळा दिसतं. या सवयी लवकर स्थिर होतात. निकालाचे आकडे व्हायला कितीतरी जास्त पास लागतात. म्हणून थोडेच सामने झालेले असताना फिल्म आकड्यांच्या पुढे असते.

पाहायचं कसं? सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग पाहू नका, त्यात डोळा दमतो आणि हाती काही लागत नाही. दहा यार्ड पुढे जायला संघाला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. आधी तिसरा डाउन आणि सात किंवा जास्त यार्ड बाकी, एवढेच प्ले वेगळे काढा. इथे बचावफळीला पास येणार हे ठाऊक असतं, धावण्याचा बनाव चालत नाही, प्रशिक्षकाची रचना क्वार्टरबॅकला लपवू शकत नाही.

प्रत्येक प्ले स्नॅपच्या क्षणी, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे दिला जातो तेव्हा, थांबवा आणि सेफ्टी मोजा. मधोमध खोल एक आहे की दोन? आता एक सेकंद पुढे जाऊन पुन्हा थांबवा. दोनाचा एक झाला असेल, म्हणजे एक सेफ्टी खाली उतरला असेल, तर बचावाने चेहरा बदलला. या क्षणी क्वार्टरबॅकचं हेल्मेट कुठे वळलंय ते गोलरेषेमागच्या कोनातून बघा. स्नॅपआधी ठरवलेल्या पहिल्या रिसीव्हरवरच नजर खिळलेली असेल, आणि असं वारंवार होत असेल, तर ती नोंद लाल शाईने करा. नवख्यांची कित्येक इंटरसेप्शन (बचावाने झेललेले पास) इथेच जन्म घेतात. हात कमजोर म्हणून नव्हे, तर स्नॅपआधीचं चित्र स्नॅपनंतरही खरं मानलं म्हणून.

मग स्टॉपवॉच लावा, स्नॅपपासून चेंडू सुटेपर्यंत. अडीच सेकंदांच्या आसपास सुटत असेल तर ठीक. तीन सेकंदांच्या पुढे जाऊन सॅक झाला, म्हणजे चेंडू हातात असतानाच तो पाडला गेला, तर त्याला राखणाऱ्या लाइनमनना दोष देण्याआधी दोनदा विचार करा, कारण पाच जणांनी तीन सेकंद दार अडवून धरलं म्हणजे त्यांचं काम झालं. मात्र पायांकडे बघितल्याशिवाय निव्वळ वेळेवरून निकाल देऊ नये. शॉटगनमधून (स्नॅप काही यार्ड मागे उभं राहून घेण्याच्या रचनेतून) तीन पावलं मागे, मागचा पाय रोवला, आणि पहिला रिसीव्हर उघडा असेल तर चेंडू तिथेच सुटायला हवा. नसेल तर एक छोटी उडी, नजर दुसऱ्याकडे. आणखी एक उडी, नजर तिसऱ्याकडे. पाय आणि नजर अशी जोडीने चालत असतील तर तो मुलगा खेळ वाचतोय. पाय थिजलेत आणि डोकं मात्र भिरभिरतंय, किंवा समोर पॉकेट (लाइनमननी राखलेली जागा) स्वच्छ असताना तो बाजूला पळतोय, तर त्याला अजून काहीच वाचता येत नाही, पास पूर्ण झाला तरीही.

वहीत सहा रकाने पुरतात : डाउन आणि अंतर, सेफ्टी आधी आणि नंतर, कितव्या रिसीव्हरला पास, सुटण्याची वेळ, दबाव होता का, आणि चेंडू रिसीव्हरच्या पुढ्यात पडला की त्याला थांबावं लागलं. एका सामन्याला तीन तास तरी द्या.

जॉर्डन लव्हचं उदाहरण या पद्धतीसाठी नमुनेदार आहे. ड्राफ्टमध्ये संघ फेरीफेरीने कॉलेजचे खेळाडू निवडतात, आणि या निवडींची आपसांत देवाणघेवाणही करतात. ग्रीन बे संघाने २०२० मध्ये चौथ्या फेरीची निवड जास्तीची देऊन त्याला २६ व्या क्रमांकावर घेतलं आणि तीन वर्षं मुख्य क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्समागे बसवलं. ७ नोव्हेंबर २०२१ ला कॅन्सस सिटीत त्याची पहिली सुरुवात (पहिल्या प्लेपासून मैदानात उतरलेला सामना), १३-७ अशी हार. ३४ पैकी १९ पास पूर्ण, १९० यार्ड. कॅन्सस सिटीने ब्लिट्झमागून ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जास्तीचे बचावपटू सोडणं) पाठवले, आणि चेंडू कुठे जायला हवा याचं उत्तर त्याच्याकडे वेळेत तयार नव्हतं. मग २७ नोव्हेंबर २०२२, फिलाडेल्फियाविरुद्ध बदली म्हणून आला आणि नऊपैकी सहा पासांत ११३ यार्ड मिळवले. त्यातला रिसीव्हर ख्रिश्चन वॉटसनला दिलेला ६३ यार्डांचा टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) सगळ्यांना आठवतो, पण फिल्मवर त्याहून मोलाचं दिसतं ते पावलांचं आणि नजरेचं जुळलेलं वेळापत्रक. नऊ पासांवर कुणी मोठा निष्कर्ष काढू नये. पण वर्षभरात काय सुधारलं ते ओळखायला तेवढे पुरतात. २०२३ मध्ये त्याने ४,१५९ यार्ड आणि ३२ टचडाउन केले.

तरीही इथे या सेवेची खरी मर्यादा उघडी पडते. ग्रीन बेने लव्हवर जुगार खेळला तो या फिल्मवर नव्हे, तीन वर्षांच्या सरावावर. सराव आपल्याला दिसत नाही. मग संघाला आतून काय वाटतं ते कसं ओळखायचं? करार बघा. मे २०२३ मध्ये त्यांनी लव्हला एका वर्षाची मुदतवाढ दिली, जास्तीत जास्त २.२५ कोटी डॉलर, त्यातले १.३५ कोटी हमीचे. म्हणजे विश्वास आहे, पण दार उघडं ठेवलंय. हंगाम पाहून झाल्यावर जुलै २०२४ मध्ये चार वर्षांचे २२ कोटी दिले. न पारखलेल्या माणसाशी व्यवहार कसा करावा, याचा हा धडाच आहे.

उलट बाजू ह्यूस्टनची. मार्च २०१६ मध्ये त्यांनी ब्रॉक ऑस्वायलरला चार वर्षांचे ७.२ कोटी देऊ केले, ३.७ कोटी हमीचे, तेही डेन्व्हरमधल्या सात सुरुवातींवर. त्या हंगामात १५ टचडाउन, १६ इंटरसेप्शन. वर्षभरात त्याला क्लीव्हलंडच्या गळ्यात घालण्यासाठी ह्यूस्टनला २०१८ ची दुसऱ्या फेरीची निवड सोबत द्यावी लागली. त्याच निवडीवर क्लीव्हलंडने निक चबसारखा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) घेतला. सात सामन्यांची फिल्म तेव्हा पैसे भरून कुणालाही बघता येत होती. त्याच्याही चार वर्षं आधीचा क्वार्टरबॅक मॅट फ्लिन मात्र प्रेक्षकांना असा तपासता आला नाही, कारण फिल्म तेव्हा खुली नव्हती. १ जानेवारी २०१२ ला डेट्रॉइटविरुद्ध त्याने ४८० यार्ड आणि सहा टचडाउन केले आणि त्या जोरावर मार्चमध्ये सिअ‍ॅटलचा मोठा करार मिळवला. पण जागा जिंकली ती त्याच वर्षी तिसऱ्या फेरीत ७५ व्या क्रमांकावर आलेल्या रसेल विल्सनने.

कॉलेजमधून नुकत्याच आलेल्या खेळाडूसाठी ही सेवा घेणाऱ्यांची निराशा होईल. कॉलेजची ऑल-२२ यात नाही, तिथे टीव्हीच्या कोनावरच भागवावं लागतं. पण टीव्हीवरही एक गोष्ट तपासता येते. कॉलेजमध्ये हॅशच्या (प्ले कुठून सुरू होणार ते ठरवणाऱ्या मैदानावरच्या खुणांच्या) दोन ओळी ४० फूट अंतरावर असतात, एनएफएलमध्ये फक्त १८ फूट ६ इंच. मैदान दोन्हीकडे १६० फूट रुंद. म्हणजे कॉलेजमध्ये डाव्या हॅशवरून उजव्या कडेपर्यंत १०० फुटांची आडवी फेक पडते, एनएफएलमध्ये सुमारे ८९. लांबच्या हॅशवरून कडेला मारलेले पास वेगळे काढा. चेंडू तिथे सरळ रेषेत आणि वेळेवर पोहोचत असेल तर हाताची शंका मिटली. वाचन कसं आहे, हे मात्र त्यातून कळत नाही.

ट्रे लान्सच्या बाबतीत हीच उणीव सॅन फ्रान्सिस्कोला महागात पडली. २०२१ मध्ये बाराव्यावरून तिसऱ्या क्रमांकावर जाण्यासाठी त्यांनी एकूण तीन पहिल्या फेरीच्या आणि एक तिसऱ्या फेरीची निवड मोजली. कॉलेजमध्ये त्याच्या नावावर १७ सुरुवाती आणि ३१८ पास होते, तेही खालच्या विभागात, आणि २०२० मध्ये फक्त एक सामना. तो वाईट दिसला होता असं नाही. तो पुरेसा दिसलाच नव्हता. एनएफएलमध्ये चार सुरुवाती झाल्या, घोटा मोडला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीवर तो डॅलसला गेला. त्याच संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, नेलं ते २६२ व्या, म्हणजे ड्राफ्टच्या अगदी शेवटच्या निवडीने. ही निवड म्हणजे ब्रॉक पर्डी, आणि तो कॉलेजात चार वर्षं खेळून आला होता.

ॲन्थनी रिचर्डसनचं प्रकरण वेगळं, आणि वाद घालताना दोघांना एका माळेत ओवू नये. फ्लोरिडाच्या कॉलेज संघातल्या १३ सुरुवातींत जे दिसायचं ते दिसलं होतं. २०२२ मध्ये ५३.८ टक्के पास पूर्ण. इंडियानापोलिसने तरी चौथ्या क्रमांकावर घेतलं; २०२४ मध्ये ४७.७ टक्के. न दिसलेल्यावर जुगार खेळता येतो. दिसलेला दोष आपल्याकडे आल्यावर सुटेल, या आशेवर खेळणं जास्त धोक्याचं.

नवख्याची फिल्म नसताना ही सेवा दुसऱ्या पर्यायाबद्दल बोलते, याचं ठळक उदाहरण मिनेसोटा. मार्च २०२५ मध्ये त्यांच्या नवख्या जे. जे. मॅकार्थीचा नियमित हंगामातला एकही स्नॅप उपलब्ध नव्हता. गुडघ्यामुळे पहिलं वर्ष वाया गेलं होतं. मिशिगनच्या कॉलेज संघातल्या अखेरच्या हंगामात १५ सामन्यांत ३३२ पास, सामन्याला जेमतेम २२. समोर आदल्या हंगामात खेळलेला सॅम डार्नल्ड, ४,३१९ यार्ड, ३५ टचडाउन, चौदा विजय. आकडे म्हणतात, डार्नल्डला ठेवा. पण प्लेऑफमध्ये रॅम्सविरुद्धच्या २७-९ हारीतले नऊ सॅक स्टॉपवॉच लावून बघा. काही लाइनचे आहेत, काही चेंडू धरून ठेवल्याचे. डार्नल्ड तीन वर्षांच्या १०.०५ कोटींवर सिअ‍ॅटलला गेला, मॅकार्थीचा चार वर्षांचा अख्खा करार सुमारे २.२ कोटींचा. पुढे काय घडलं यावरून निर्णयाचं माप काढू नये, त्या दिवशी काय दिसत होतं यावरून काढावं. आणि त्या दिवशी नऊ सॅकच्या एका सामन्यापेक्षा सतरा सामन्यांची फिल्म जड होती. निदान वर्षभर तरी डार्नल्डला धरून ठेवणं, लव्हच्या धर्तीवर, जास्त शहाणपणाचं होतं.

फिल्ममध्ये आवाज नसतो. प्रशिक्षकाने कोणता प्ले सांगितला, क्वार्टरबॅकने रेषेवर येऊन काय बदललं, चूक रिसीव्हरची की त्याची, हे खात्रीने कळत नाही. प्रशिक्षकाशी जोडणारा हेल्मेटमधला रेडिओ प्ले-क्लॉकवर (पुढचा प्ले सुरू करायच्या मुदतीच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की बंद होतो. त्यानंतर क्वार्टरबॅक एकटा असतो, पण फिल्म बहुधा स्नॅपच्या थोडं आधी सुरू होत असल्याने ती धावपळ सगळी दिसत नाही. रिसीव्हर चुकीच्या दिशेने वळला आणि चेंडू रिकाम्या जागी पडला, असा प्ले वहीत प्रश्नचिन्हाने नोंदवा, दोष कुणाच्याही नावावर टाकू नका. अशी प्रश्नचिन्हं एकाच रिसीव्हरपाशी जमा होऊ लागली तर क्वार्टरबॅकला सोडून त्या रिसीव्हरचे बाकीचे प्ले बघा.